आतून न उघडणारं दार

"अहो... जरा मला बाहेर काढता का?"

गाडीची काच चार बोटं खाली उतरायची आणि तिथेच अडून बसायची. त्या फटीतून माझं नाक आणि फार तर एक डोळा बाहेर दिसत असेल. समोरच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर एक उंच तरुण दर्शनी काच पुसत होता. त्याने मागे पाहिलं, वर पाहिलं, आवाज कुठून येतोय हेच त्याला कळेना.

"इकडे! निळ्या गाडीत!"

फडकं खांद्यावर टाकून तो आला आणि वाकून त्याने फटीतून आत पाहिलं.

"काय झालं?"

"दार आतून उघडत नाहीये. हँडल हातात आलं." मी ते उचलून दाखवलं, पुरावा म्हणून.

"आणि पलीकडचं दार?"

"पलीकडे भिंत आहे."

"म्हणजे तुम्ही अडकलात."

"तेच तर सांगतेय मघापासून!"

तो हसला. बाहेरून त्याने दार ओढलं आणि पावसाची बारीक भुरभुर माझ्या चेहऱ्यावर आली... त्याच्या चष्म्यावरही थेंब बसले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या काचा पुसणारा माणूस, स्वतःच्या पुसायच्या विसरला होता.

मी फिजिओथेरपिस्ट. आखडलेले खांदे आणि कुरकुरणारे गुडघे हे माझं रोजचं काम. आमच्या क्लिनिकच्या मागच्या अंगणात गाड्या अगदी भिंतीला चिकटवून लावायच्या, असा वॉचमनकाकांचा कायदा. आणि माझी गाडी दोनच दारांची. एक भिंतीकडे आणि एक हे असं रुसलेलं.

गाडी खरं तर आत्याची. आई-बाबा गेल्यावर आत्याने मला वाढवलं ते याच गाडीतून, असं म्हटलं तरी चालेल. शाळा, पोहण्याचा क्लास, ताप आला की दवाखाना... मागच्या सीटवर झोपले की आत्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी न्यायची, माझी झोप मोडू नये म्हणून. गाडीला ती ठकी म्हणायची. डोळे अधू झाल्यावर किल्ली माझ्या हातात देत म्हणाली होती, "सांभाळ. तिच्यात तुझं निम्मं बालपण आहे. बिस्किटांचा चुरासुद्धा असेल अजून."

दुसऱ्या दिवशी मी त्याला हाक मारायच्या आतच तो येऊन उभा राहिला.

"आज पण अटक?"

"काय करणार! जामीन द्यायला कोणी नाही."

"मी आहे की," तो दार उघडत म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. घाईघाईने फडकं झटकत परत गेला.

मग ते रोजचंच झालं. मी गाडी लावायची, तो पायरीवरून उतरायचा, दार उघडायचा. दोन वाक्यं तो बोलायचा, दोन मी. कधी त्याच्या एखाद्या गिऱ्हाइकाची गंमत असायची, तर कधी माझ्या पेशंटची. पाऊस मोठा असला की छत्री आणायचा. छत्री एक आणि माणसं दोन, म्हणून क्लिनिकच्या दारापर्यंत सोडायला यायचा. तेवढ्याशा चालण्यात त्याचा डावा खांदा दर वेळी भिजायचा. मी खांद्यांचीच डॉक्टर... माझ्या लक्षात येणार नाही का?

आणि एक दिवस घोळ झाला.

ठकीला मिस्त्रींकडे तेल बदलायला दिलं होतं. मिस्त्री म्हणजे ठकीवर आत्याइतकीच माया करणारा दुसरा माणूस. त्यांनी न सांगताच हँडल बसवून टाकलं. दुसऱ्या दिवशी अंगणात मी सहज हात लावला... खट्! दार उघडलं. माझा एक पाय बाहेरही पडला. इतक्यात तो पायरीवरून उतरताना दिसला, फडकं खांद्यावर, चेहऱ्यावर ते अर्धं हसू.

मी पाय आत घेतला आणि दार हळूच लावून घेतलं.

तेव्हापासून मी रोज चांगल्या दाराच्या आत अडकून बसत होते.

आणि मग भर रस्त्यात ठकीच्या बॉनेटमधून वाफ निघाली. ओढतच तिला गॅरेजला न्यावं लागलं. मी बसने क्लिनिकला आले. बस पुढच्या फाटकाशी थांबते, चष्म्याचं दुकान मागच्या अंगणात. मधे अख्खी इमारत. त्या दिवशी कळलं की ही इमारत केवढी मोठी आहे!

दुपारी तो क्लिनिकच्या दारात उभा. "आज कैदी दिसली नाही... म्हटलं, बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "संध्याकाळी मी येऊ का गॅरेजला?"

नको म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून "हो" निघालं.

आम्ही दोघं गॅरेजमध्ये पोचलो, तेव्हा आत्या आधीच स्टुलावर बसली होती. मिस्त्रींनी ठकीच्या खाली बॅटरी मारली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवलं. ते सरळ आत गेलं.

"ताई, गोड बोलून फसवणार नाही. इंजिन खोलून करून देतो म्हटलं तर देतो. पण तळाचा पत्रा कुजलाय, ब्रेकच्या नळ्या गंजल्यात. दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, तुम्ही ठरवा."

"दुरुस्त करा," मी म्हणाले.

"अगं, ऐकलंस ना ब्रेकचं?" आत्या म्हणाली.

"आत्या, तुझी किती आठवण आहे तिच्यात..."

"माझ्या नावावर बिल फाडू नकोस. रोज लोकांना सांगतेस, सांधा पार झिजला असेल तर बदलून घ्या, उगाच ओढू नका. आणि आता?"

आता काय सांगणार? ठकी गेली की बस. बस म्हणजे पुढचं फाटक. पुढचं फाटक म्हणजे मधे अख्खी इमारत.

"मी तर मागेच म्हटलेलं," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "दाराचं हँडल बसवलं ना, तेव्हाच खालून गंज दिसला होता."

"कुठलं हँडल?" आत्याने विचारलं.

"हे काय, आतलं. लोण्यासारखं चालतंय, बघा की!"

आणि मिस्त्री गाडीत बसले, दार लावून घेतलं. खट्, उघडलं. पुन्हा लावलं. खट्. आपल्या कामाचं कौतुक माणसाने किती वेळा करावं! माझे कान तापले. चष्मेवाला गॅरेजच्या छताचं बारकाईने निरीक्षण करत होता.

"मी... जरा बाहेर उभी राहते," मी म्हणाले.

बाहेर पत्र्याच्या वळचणीतून पाणी गळत होतं. तो माझ्यामागून आला.

"हसा," मी म्हटलं. "हसून घ्या एकदाचं."

"मला माहीत होतं."

"काय?"

"दाराचं. तुम्ही पाय बाहेर काढलात, मला पाहिलंत, पाय आत घेतलात... आमच्या दुकानात सगळीकडे आरसे आहेत हो. पायरीवर यायच्या आधीच दार उघडताना दिसलं होतं."

"आणि तरी रोज येत होतात?"

"तुम्ही रोज अडकत होतात," तो म्हणाला. "मग मी काय करणार?"

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी कशाला आलं, तेही कळेना.

"एक विचारू?" तो चाचरत म्हणाला. "इतक्या सकाळी चष्मा घ्यायला कोण येतं, असं कधी मनात आलं नाही तुमच्या?"

"म्हणजे?"

"दुकान उघडतं तुमचे निम्मे पेशंट होऊन गेल्यावर. मी आपला उगाच... पुसलेलीच काच पुसत असतो." त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. "गाडी ठेवा नाही तर विका. पण मला दार उघडायला येऊ द्या. बसचं, घराचं... कुठलंही."

"बसचं दार आपोआप उघडतं."

"मग नुसता उभा राहीन."

मी त्याचा डावा खांदा पाहिला. वळचणीचं पाणी नेमकं त्यावरच पडत होतं. त्याची बाही धरून मी त्याला आत ओढू लागले. "इकडे ये. भिजतोस रोज." ‘अहो’ कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. त्याला कळलं असावं... तो जागचा हललाच नाही.

आत गेल्यावर मिस्त्रींना सांगितलं, "नको दुरुस्ती. तिला सोडू या."

आता ते म्हणणं सोपं होतं. मघाशी मी ठकीसाठी भांडत नव्हतेच मुळी, आणि ठकीलाही ते ठाऊक असणार.

आत्या उठली. बॉनेटवर हात ठेवून, झोपलेल्या मुलाशी बोलावं तशी हळू बोलली, "ठके, पोरगी मोठी करून दिलीस. तिला पोचवायचं तिथे पोचवलंस." मग चष्मेवाल्याकडे एकवार बघून म्हणाली, "आता दम खा."

मी मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली. चुरा होता अजून.

आता आमच्याकडे चार दारांची गाडी आहे. मागे आमची लेक बसते, आणि मागचं दार मुलांसाठी मुद्दामच आतून बंद ठेवलेलं असतं. गाडी थांबली की ती ओरडते, "बाबा, दाऽऽर!" तो धावत जातो, तिला कडेवर घेतो.

माझं दार आतून छान उघडतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहते. मग तो लेकीला घेऊन वळसा घालून येतो, खाली वाकतो, काचेतून बघतो. चष्मा अजूनही पुसलेला नसतो.

"अडकलात का बाईसाहेब?"

"हो ना," मी म्हणते, "मघापासून."