टेपचा पहिला इंच

दुकानातल्या सगळ्यात मोठ्या सोफ्यावर एक माणूस गाढ झोपला होता, आणि तिला नेमका तोच सोफा मोजायचा होता.

सकाळचे साडेअकरा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. विक्रेता काउंटरवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. सोफा चांगला ऐसपैस, राखाडी, एल आकाराचा. एका भिंतीला तिघं, दुसऱ्या भिंतीला दोघं, आणि कोपऱ्यात एखादा मांडी घालून बसेल एवढा. त्या कोपऱ्यातच हा गृहस्थ डोक्याखाली हात घेऊन पसरला होता. बूट खाली नीट जोडीने लावलेले. मोजे मात्र दोन वेगळ्या रंगांचे.

ती काही वाट बघत थांबणाऱ्यातली नव्हती. तिने पर्समधून टेप काढली आणि त्याच्या अंगावरून पलीकडे ताणली.

"माझं माप घेताय?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"सोफ्याचं. तुम्ही मध्ये आलाय."

"मग माझंही लिहून घ्या... पाच फूट दहा."

"पाच आठ," ती म्हणाली. "केस धरून नऊ."

आता मात्र त्याने डोळे उघडले. उन्हात हिंडणाऱ्या माणसाचा रापलेला चेहरा, आणि हसला की डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा. "नऊ बरोबर आहे. दहा मी उगाच सांगतो. तुम्हाला नुसत्या नजरेने कळतं?"

"माझं कामच आहे ते."

"कमाल आहे. माझंही."

तो जमिनींचा मोजणीदार होता. दिवसभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या, भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये उभं राहून खुणेचा दगड रोवायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, असं त्याचं काम. आज सुट्टी म्हणून सोफा बघायला आला होता, आणि बघता बघता डोळा लागला होता.

"म्हणजे हाच घ्यायचा," तो उठून बसत म्हणाला. "पाठीने निकाल दिलाय."

"हॉल केवढा आहे तुमचा?"

त्याने दोन्ही हात हवेत पसरून पाहिले. मग म्हणाला, "बऱ्यापैकी मोठा आहे."

"बऱ्यापैकी? नकाशावर असंच लिहिता का तुम्ही?"

तो एवढा मोकळा हसला की काउंटरवरच्या विक्रेत्याने मान वर केली. तिने ऑफिसचं कार्ड त्याच्या हातावर ठेवलं, मोजायचं उरलेलं मोजलं आणि निघाली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण अजून हसतोच आहोत.

दोन दिवसांनी तो ते कार्ड घेऊन ऑफिसात हजर झाला आणि "मला झोपेत मोजणाऱ्या बाई कुठे बसतात?" असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. घरं सजवून देणारं ते छोटंसं ऑफिस. तिथे तिला इंचबाई म्हणत, कारण सुतार असो की पडदेवाला, ती कुणाला इंचभराचीही सूट देत नसे. तरी चार वर्षं ती मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, मागे कापडाच्या नमुन्यांचं बाड घेऊनच फिरत होती. स्वतःच्या हिमतीवर एकही खोली तिच्या वाट्याला आली नव्हती.

"यांचा हॉल तू एकटीने कर," मॅडम म्हणाल्या. "मी मध्ये पडणार नाही. सोफा लागेल त्या शनिवारी चार वाजता बघायला येईन. जमला, तर इथून पुढची घरं तुझी तू करायची. नाही जमला, तर बाड आहेच."

"जमेल," ती म्हणाली. तिला तशी खात्रीच होती.

मोजणीदाराच्या घरी तो आणि त्याची आत्या, दोघंच. आत्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. बाल्कनीत त्यांच्या कुंड्यांची दाटी, आणि बाल्कनीच्या दाराशी त्यांची लाकडी खुर्ची. खुर्चीचे हात झिजून गुळगुळीत झालेले, मूळ रंग कोणता ते देवालाच ठाऊक.

"ही आतल्या खोलीत जाईल," इंचबाईने पहिल्याच फेरीत सांगून टाकलं. "नव्या सोफ्याशेजारी शोभणार नाही."

आत्या वाद घालतील असं तिला वाटलं होतं. पण त्या "ने बाई," एवढंच म्हणाल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला गेल्या.

मग टेप निघाली. टेप तिच्या वडिलांची. ते सुतारकाम करायचे, आता हात थकले म्हणून घरी असतात. टेपचा पहिला इंच कधीचा तुटून गेलेला, त्यामुळे ती शून्याऐवजी एकापासून सुरू व्हायची. जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा. नवी घे की, असं सगळे म्हणून थकले, पण ती घेत नव्हती. वहीत प्रत्येक मापापुढे ‘उणे एक’ लिहिणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

"टोक मी धरतो," तो म्हणाला. "आम्ही शेतात कसं करतो सांगू? टोक धरणारा खुणेवर टेकवतो आणि ओरडतो, ‘शून्य’. तोवर समोरच्याने आकडा वाचायचा नाही."

"इथे ओरडू नका. आत्या दचकतील."

"आत्या? तिला बघून लोक दचकतात."

कोपऱ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंतची भिंत मोजायची होती. तो कोपऱ्यात टोक धरून बसला, आणि ती टेप ओढत दाराच्या चौकटीपर्यंत आली. नुकत्याच भिजलेल्या मातीचा वास बाल्कनीतून आत येत होता. कुंड्यांच्या पानांमधून आलेलं ऊन नेमकं त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि तो डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी दुकानात मला उठवलं का नाहीत?"

"उठवणार होते. पण ते मोजे बघितले आणि... दया आली."

"त्यानंतर मी सहा जोड नवे आणलेत," तो गंभीरपणे म्हणाला आणि पुरावा म्हणून दोन्ही पाय पुढे केले. एक मोजा निळा होता, दुसरा तपकिरी.

तिला हसू आवरेना. हसत हसतच तिने टेपवरचा आकडा वाचला, अठ्ठ्याण्णव, आणि वहीत लिहून टाकला. सोफाही त्याच मापाने करायला दिला.

सामान येण्याआधी इंचबाई एक काम हमखास करायची. सोफा, टेबल, दिवा, सगळ्याच्या मापाची वर्तमानपत्रं कापून ती जमिनीवर चिकटवायची, आणि घरच्यांनी काही दिवस त्या कागदी सामानातून वावरायचं. चालताना कुठे अडतं, कोण कुठून जातं, ते आपोआप कळतं. सोफ्याचा कागद लावताना दाराशी त्याची कड जराशी पुढे आली. कागद आहे, वाकडा कापला गेला असेल, म्हणून तिने ती दुमडून टाकली.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "आज सोफ्यावर बसून चहा प्यायलो."

"कसा वाटला सोफा?"

"गार. फरशीसारखाच आहे अगदी. आणि आत्या त्यावर खुर्ची टाकून बसलीय."

"सोफ्यावर खुर्ची? कुठे?"

"दाराशी, शेवटच्या सीटवर. म्हटलं ऊठ, तर म्हणते, कागदावर बसलेय, कुणाच्या पोटात दुखतंय?"

दिवसाला एकाचे दोन फोन झाले. गालिचा निळा की करडा, हे त्याने तीनदा विचारलं.

"निळा. कालच ठरलं ना आपलं?"

"ठरलं होय? मग... उद्या पुन्हा ठरवू या."

तिनेही बरं म्हटलं. पडद्याच्या कापडाचे नमुने एका खेपेत दाखवता आले असते, ते तिने तीन खेपांत दाखवले. आत्या दर वेळी चहाचा कप पुढे करत आणि एकदा तिच्याकडे, एकदा भाच्याकडे बघत.

शनिवारी अकराला सोफा आला आणि आत्यांची खुर्ची आतल्या खोलीत गेली. तुकड्या-तुकड्यांनी वर चढला, आणि खालच्या लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून जोडला गेला. पुढच्या पायांखाली निळा गालिचा, मधोमध बुटकं गोल टेबल, कोपऱ्यामागे उंच दिवा. हॉलचं रूपच पालटलं. तिने कमरेवर हात ठेवून एकदा सगळं डोळे भरून पाहिलं.

तेवढ्यात आत्या पाण्याचा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी बाल्कनीचं दार ओढलं. दार बोटभर सरकलं आणि सोफ्याच्या हाताला अडून बसलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

तिने वही उघडली. पानभर मापं होती आणि प्रत्येकापुढे ‘उणे एक’. फक्त एका ओळीत नुसतंच अठ्ठ्याण्णव. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. सोफा त्या मापाने मुद्दाम करवून घेतलेला, तो बदलून मिळायला पुन्हा आठ-दहा दिवस, आणि मॅडम यायला उरले होते जेमतेम चार तास.

"मॅडमना मी सांगतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माप मी दिलं होतं म्हणून. तुमचं नाव नको यायला."

"नको."

"अहो, त्यात काय एवढं..."

"मोजणीदाराला स्वतःची भिंत मोजता येत नाही हे कळलं, तर दोन्ही भाऊ मिळून तुम्हालाच तुडवतील. चूक माझी आहे, मीच निस्तरते."

ती गालिच्यावर फतकल मारून बसली आणि खोलीकडे बघत राहिली. आत्या बंद दारापाशीच घुटमळत होत्या. डबा हातात, आणि टेकायला जागा शोधत असल्यासारख्या. त्यांचा हात सवयीने मागे गेला, खुर्ची तिथे नव्हती, तसा त्यांनी तो पुढे घेतला.

तिला स्वतःचाच राग आला. आठ दिवस ही बाई कागदावर खुर्ची टाकून आपल्याला सांगत होती, आणि आपण फोनवर हसत होतो.

"आत्या, तुमची खुर्ची बाहेर काढू या," ती उठत म्हणाली. "आणि तुम्ही, मोजणीदारसाहेब, ही शेवटची सीट सोडवायला या. खालची कडी उचला."

"सोफा तोडायचा?"

"तुकड्यांचा सोफा आहे. सुटा होतो म्हणून तर घेतलाय."

सीट सुटली. रिकाम्या जागेत आत्यांची खुर्ची जाऊन बसली, तिथेच, जिथे त्यांनी ती आठ दिवस मांडली होती. दार सताड उघडलं. सुटी झालेली सीट तिने दाराच्या पलीकडे, खिडकीशी, कुंड्यांकडे तोंड करून लावली. राखाडी कापडाशेजारी ते झिजलेलं लाकूड चक्क शोभत होतं, आणि हे तिने आत्यांना तोंडावर सांगितलं. "मला ठाऊक होतं," आत्या म्हणाल्या आणि बसल्या.

मॅडम बरोबर चारला आल्या. हॉलभर नजर फिरवून त्या तडक आत्यांच्या खुर्चीकडे वळल्या, पण "ती माझी," असं ऐकू आल्यावर मुकाट्याने सोफ्यावर टेकल्या.

"छान झालंय. ती एक सीट वेगळी ठेवायची कल्पना कुठून सुचली?"

‘अशीच सुचली’ म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ती म्हणाली, "सुचली नाही मॅडम, सुचावी लागली. माप माझं चुकलं. एक वजा करायचं राहिलं, आणि दार अडलं."

मॅडम उठल्या. त्यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं. "सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"माहितीय."

"हं. सोमवारी ते नमुन्यांचं बाड कपाटात टाक. आणि नवी टेप घे."

"बाड टाकते," ती म्हणाली. "टेप हीच राहील."

मॅडम गेल्या. आत्या डबा भरून बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

"एक सांगा," मोजणीदार म्हणाला. "चार वर्षं न चुकलेला इंच माझ्याच घरी कसा चुकला?"

उत्तर तिला सकाळी वही उघडली तेव्हाच कळलं होतं. ते लपवावंसं तिला वाटलं नाही.

"तुम्ही मोजे दाखवायला पाय पुढे केलेत. मी आकडा वाचला आणि... तुमच्याकडेच बघत राहिले. मला तुम्ही आवडता. दुकानात मोजलं तेव्हापासून."

तिने ते एखादं माप सांगावं तसं सरळ सांगितलं. त्याने खाली स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं.

"टोक माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "शेतात दिवसातून शंभरदा शून्य म्हणून ओरडतो मी. त्या दिवशी बोटाखाली एक दिसत होता, तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझं तरी लक्ष कुठे होतं..."

"कुठे होतं?"

"चौकटीपाशी. वही घेऊन हसत उभं होतं."

तो खिडकीजवळच्या सुट्या सीटवर बसला आणि त्याने शेजारी हात थोपटला. "ये ना... बस."

आजवर तो तिला ‘या’ म्हणायचा. तिच्या कानांना ते ‘ये’ फार गोड लागलं. पण इंचबाई ती इंचबाईच. तिने आधी टेप काढली आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"धर."

त्याने ते सीटच्या कडेला टेकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "एक."

"कोण ओरडतंय रे?" बाल्कनीतून आत्या.

"एकतीस," तिने वाचलं. "उणे एक, तीस. दोघांना कमी पडेल."

"मग?"

"मग सरक," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

तेवढ्यात आत्यांनी बाहेरून दार ढकललं. ते कुठेही न अडता सरळ उघडलं, आणि दोघांना तसं दाटीवाटीने बसलेलं बघून आत्यांनी ते तितक्याच हळू पुन्हा लावून घेतलं.