साठ मिनिटांचा डाव

शिवानी कड्याहून वडवणीला आली होती ती तुळजामावशीच्या नातवाच्या बारशाला, आणि सायबर कॅफेत शिरली ती बी.कॉम.चा निकाल बघायला. प्रेमात पडायचा तिचा काहीएक बेत नव्हता.

२००२ सालचा जुलै. बाहेर पाऊस भुरभुरत होता. कॅफे म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली आणि तिच्यात दोन कॉम्प्युटर. दोन्हींभोवती पोरांची ही गर्दी! आणि एक सावळा, उंच तरुण डॉक्टरसारखा मोडेमला कान लावून बसलेला.

"निकाल बघायचाय," शिवानी म्हणाली.

"थांबा जरा. टूर्नामेंट चालूय. आमचं पोरगं परभणीच्या कुणाशी तरी खेळायलंय."

शिवानीनं पोरांच्या खांद्यांवरून पडद्याकडे पाहिलं. बुद्धिबळाचा पट होता. तिला राहवलं नाही.

"ह्यांचा घोडा चाललाय."

"कुठं?"

"फुकट!"

परभणीकरानं पुढच्याच चालीत घोडा उचलला. तरुणानं मोडेम सोडलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच नीट... तिनं ओढणी सावरली.

"तुमाला येतं?"

"आमच्या अण्णांनी बाराखडीच्या आधी शह-मात शिकवलंय. निकाल बघता का आता?"

पावसानं टेलिफोनची लाईन सारखी तुटत होती. तो पुन्हापुन्हा जोडत होता आणि दर वेळी "आता लागतीय, आता लागतीय" म्हणत होता, जणू त्याचाच निकाल होता. शेवटी पान उघडलं आणि तो ओरडला, "फर्स्ट क्लास!" – एवढ्या मोठ्यानं, की खालच्या कापडवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यानं तागा उलगडायला घेतला.

त्याचं नाव बजरंग. कॅफे तोच चालवायचा. वडील हरिबा मेंढरं पाळायचे. सगळ्या घरात वीज कळणारा हा एकटाच. वडवणीच्या पोरांना त्यानं बुद्धिबळाचं वेड लावलं होतं, पण परगावचे खेळाडू कोण, कुठले, पत्ता लागायचा नाही. हरायला आले की पळून जायचे.

"आमच्या दुकानात कॉम्प्युटर हाय," शिवानी म्हणाली. "अण्णांनी शान म्हणून घेतलाय. सध्या त्याच्यावर मांजर बसतं."

"मग तुमी कडा सांभाळा, आमी वडवणी. दर रविवारी!"

असं ते सुरू झालं.

कड्याला शिवानीच्या वडलांचं, अण्णारावांचं, किराणा दुकान होतं. साखर कारखान्यातले क्लार्क रविवारी तिथं जमू लागले. शिवानी जोड्या लावायची, घड्याळ बघायची, मध्येच चाल सुचवणाऱ्यांना बाहेर काढायची. अण्णाराव स्वतः खेळायला बसले की कुणाला साखर मिळायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, पावशेर..." आणि अण्णा म्हणायचे, "राजा अडकलाय, उद्या या."

पहिल्याच महिन्यात भांडण झालं. कड्याची लाईन तुटली आणि वडवणीच्या पोरानं आपण जिंकलो म्हणून गुलाल उधळला. शिवानीनं फोन लावला.

"लाईन तुटली म्हंजे माणूस हरलं का?"

"मग किती वाट बघायची? दिवाळीपर्यंत?"

"दहा मिनिटं! दहा मिनिटांत परत आला तर डाव पुढं, न्हाईतर हरला. लिहून लावा भिंतीवर."

"हुकूम," बजरंग म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. तिनं फोन ठेवला, आणि मग तिलाही कारण नसताना हसू आलं...

पटाशेजारी गप्पांची एक छोटी खिडकी असायची. डाव लावून झाला की हे दोघं तिथं बोलत. मराठी अक्षरांची सोय नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आधी बोलणं जोड्यांचं. मग जेवलात का. मग पाऊस हाय का तिकडं. मग असंच... पाऊस कधीचा थांबला तरी ते पावसाचंच बोलत राहायचे.

दिवाळीनंतर फायनल ठरली. वडवणीकडून निवृत्त शिक्षक मोहनराव गुरुजी आणि कड्याकडून खुद्द अण्णाराव. अण्णारावांनी जाहीर करून टाकलं, "जिंकलो तर ठीक. हरलो तर हे कॉम्प्युटरचं डबडं विकून टाकीन. इज्जतीचा सवाल हाय." डबडं गेलं की शिवानीची ती खिडकीही जाणार होती.

त्याच आठवड्यात खिडकीत बजरंगचा निरोप आला – फायनलपासून मला साठ पाहिजे.

शिवानीनं दोनदा वाचलं. 'सगळे डाव माणशी तीस मिनिटांचे. फायनललाच साठ मिनिटं कावून?'

तिकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं – 'मोठा डाव हाय. निवांत व्हावा.'

ठीक आहे, म्हणाली ती. साठ तर साठ.

नेहमीसारखी तीन वाजता फायनल सुरू झाली. अर्धं गाव दुकानात. अण्णाराव कपाळाला ठसठशीत विभूती लावून बसलेले. चार वाजत आले तेव्हा त्यांचा एक हत्ती जास्त होता आणि वेळ भरपूर उरला होता. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आता बघा गंमत."

आणि लाईट गेली.

भारनियमन रोज चारलाच असायचं. तीस मिनिटांचे डाव त्याच्या आत संपायचे, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वडवणीत बॅटरी होती, कड्यात नव्हती. दहा मिनिटं गेली आणि दुकानातला फोन वाजला.

"शिवानी... अण्णा हरले," बजरंग म्हणाला.

"हरले? हत्ती जास्त हाय त्यांचा!"

"दहा मिनिटांचा नियम तुमीच केलाय."

"तुमाला काहीच वाटत न्हाई का?"

"लई वाटतं," तो अगदी हळू म्हणाला. "पण निकाल तोच हाय."

तिनं फोन आपटला. रडू अण्णांसाठी येत होतं की आणखी कशासाठी, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णाराव तिला घेऊन एस.टी.त बसले. बीडला गाडी बदलून वडवणीला उतरले आणि धाडधाड जिना चढले. मोहनराव गुरुजी तिथंच बसलेले. अण्णारावांनी कमरेवर हात ठेवले.

"साठ मिनिटांचं खूळ कुणाचं? तीस असते तर उजेडात जिंकलो असतो!"

"ह्यांचंच," शिवानी म्हणाली. "मला म्हणाले, साठ पाहिजे."

बजरंगचा चेहरा बिटासारखा झाला. "मी... साठ न्हवतं म्हणालो."

"माझ्या डोळ्यांनी वाचलंय!"

"इंग्रजीत तसंच दिसतं ते. साठ आन्... साथ."

शिवानीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फायनलपासून मला साथ... अगं बाई!

"साथ?" अण्णाराव दचकले. "कुठं आलीय साथ? कॉलऱ्याची?"

"म्हणून मी जन्मभर सांगत आलो," गुरुजी कळवळून म्हणाले, "देवनागरीला पर्याय नाही! अहो अण्णाराव, मुलगा तुमच्या मुलीची सोबत मागतोय."

अण्णाराव खुर्चीत बसले.

"हे तू कधी लिहिलं? फायनलच्या आधी?"

"आधी."

"म्हंजे हे पोटात ठेवून माझ्या विरोधात निकाल दिला?"

"नियम होता, अण्णा."

अण्णारावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रविवारी कड्याला ये. वडलांना घेऊन."

"खेळायला?"

"आल्यावर बघू."

घरी दानम्मानं, शिवानीच्या आईनं, आवाज चढवला. "मेंढरंवाल्याचं पोरगं? आपल्यात काय पोरांचा दुष्काळ पडलाय?"

"आपल्यातले समदे माझ्या तोंडावर वाहवा करत्यात," अण्णाराव म्हणाले. "मी हरलो असं सांगणारा हा एकलाच भेटला."

दानम्मा ताट आपटून आत गेली.

रविवारी हरिबा आले. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि जमिनीकडे नजर. बजरंगनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याची वरची गुंडी गळ्यात रुतत होती. दोघे बाप बैठकीत बसले. पावसाचं बोलले. मेंढरांच्या खुरांचं बोलले. कारखान्याचा भोंगा किती वाजता होतो, तेही बोलून झालं. चहा झाला, परत चहा झाला, पण विषय काही निघेना. शेवटी अण्णारावांनी पट मांडला आणि हरिबांना घोडा कसा चालतो ते शिकवू लागले.

"अडीच घरं? बिचाऱ्याचं पाय दुखत असत्याल," हरिबा म्हणाले.

दाराआड शिवानी उभी होती. बजरंगनं तिच्याकडे पाहिलं, तिनं भुवया उडवल्या – बोला की! त्यानं तोंड उघडलं... आणि पाणी प्यायला. तिसरा पेला होता तो. आता हा पाणी पिऊनच वडवणीला परत जाणार, हे तिला स्वच्छ दिसलं. ती सरळ बैठकीत आली.

"अण्णा, जरा थांबा."

"थांब ग, चाल माझी हाय."

"न्हाई. माझी हाय." "मला हे पसंत हायत. खोटं बोलत न्हाईत. आन् हे बोलले न्हाईत तर मलाच बोलावं लागतंय."

अण्णारावांच्या हातात घोडा तसाच राहिला. हरिबांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं पोरी, तू विषय काढला. बीडपासून मी जमवायलोय, पर तोंडातून निघंना."

शिवानी बजरंगकडे वळली. "आता तुमी. तोंडानं सांगा. लिहायचं न्हाई."

बजरंग उठून उभा राहिला. गळ्याची गुंडी तटकन तुटली आणि पटावर जाऊन पडली. "मला... शिवानी, तुमी मला लई आवडता," तो म्हणाला – घाबरून एवढ्या मोठ्यानं, की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली.

अण्णाराव आतल्या दाराकडे बघत राहिले. तिथं भांड्याचा आवाज झाला.

"ऐकू आलं," दानम्मा आतून म्हणाली. "बसा समदे. शिरा करायला घेते."