पिंगुळीला न जाणारी गाडी

त्या काळी कुडाळात कुणाला रस्ता विचारणं म्हणजे येडेपणा. माणसानं हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवायचे, तेही गाडीचं मन राखायला. वाट तीच काढायची. हातानं गाडी हाकणारा शेवटचा माणूस म्हातारा होऊन गेला होता.

दिगंबर परुळेकरांनी थेट जपानहून वापरलेली गाडी मागवली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली, पण गाडी बोलायची जपानीच, आणि तेही इतक्या अदबीनं की शेजारचा कुत्रा तिचं ऐकून मान लववायला शिकला. रेडिओही जपानी, नव्वद मेगाहर्ट्झच्या पुढं चढेना, त्यामुळे इकडची सगळी स्टेशनं मुकी.

हेही चाललं असतं. पण भाऊबीजेला परुळेकरांनी पडद्यावर पिंगुळीतल्या आक्काच्या घरावर बोट ठेवलं आणि गाडीनं त्यांना वेंगुर्ल्याच्या बंदरात नेलं. पुन्हा बोट ठेवलं, तर सावंतवाडीच्या तळ्याकाठी.

"आक्का ताट घेऊन बसली असेल," त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या. "पिंगुळी काय आफ्रिकेत आहे?"

"अगं, भाषेचा घोळ! मराठी आवाज बसवून घेतो, मग बघ."

इंदुमती नेरूरकर जपानच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढून परतली होती. भाऊ नसल्यामुळे त्या दिवशीही तिची कार्यशाळा उघडी होती. तिनं रेडिओचा पट्टा वाढवला, मराठी आवाज भरला. मालवणी भजनाचा गजर दणक्यात सुरू झाला आणि परुळेकरांची कळी खुलली.

"आता नकाशा बघ गो पोरी. बिघडलाय."

इंदुमतीनं पडदा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काका, नकाशा ठीक आहे. या गाडीत लाजवाट आहे."

"काय आहे?"

"माणूस लाजला की तळव्याला घाम येतो, कानाच्या पाळ्या तापतात. चाकाची कातडी आणि आरशातला डोळा ते टिपतात. कुठल्या जागेच्या नावानं चाक धरणारा शरमतो हे गाडी लक्षात ठेवते आणि त्याला तिथं नेत नाही. यजमानाला अवघडवायचं नाही, एवढीच तिची रीत."

"म्हणजे माझ्या मनातलं तिला कळतं?"

"मनातलं नाही. हातातलं."

परुळेकर हसले. "छट्! मला कसली आलीय लाज? बहीण आहे माझी." आणि त्यांनी चाक धरून ठणकावून सांगितलं, "पिंगुळी, आक्काचं घर!"

गाडी शुद्ध मराठीत बोलली, "क्षमा असावी. तिथं आपल्याला फार लाज वाटते. दुसरीकडे जाऊ या का?"

इंदुमतीनं मान खाली घातली. रेडिओवर गजर चालूच होता; तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"आपल्या पोरीच्या लग्नाला आक्काला बोलावलं नाही ते," नलिनीबाई हळूच म्हणाल्या. "तिचा नवरा पिऊन तमाशा करील म्हणून तुम्ही तिला सांगितलंत, लग्न रद्द झालं. आणि वरात नेमकी तिच्या दारावरून गेली. ती औक्षणाचं ताट घेऊन धावत आली होती. तुम्ही दुसरीकडे बघितलंत."

"तुला कोण बोललं?"

"मी तुमच्या मागेच बसले होते. ताटातली ज्योत विझेपर्यंत ती तशीच उभी होती."

परुळेकरांच्या कानाच्या पाळ्या आता गाडीच काय, कुणालाही दिसल्या असत्या.

"काका, लाजवाट बंद करता येते," इंदुमती म्हणाली. "एक कळ दाबली की ही गाडी सरळ आक्कांच्या अंगणात उभी राहील. दाबू?"

परुळेकरांनी कळीकडं पाहिलं. मग चाकावरचा हात काढून घेतला.

"आता उशीर झाला," ते म्हणाले. "तुळशीच्या लग्नाला जाऊ. लाजवाट राहू दे आहे तशी. चल गं, घरी."

चाकाला पुन्हा हात लावायला ते तयार नव्हते म्हणून चाकामागं नलिनीबाई बसल्या. परुळेकर बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसले. रेडिओ गात होता, गाडी सुरेख चालली होती. त्यांचे कान हळूहळू निवले आणि त्यांना चक्क बरं वाटू लागलं.

डोळे उघडले तेव्हा बाहेर कणकवली होती.

"अगं, घरी चल म्हणालो ना?"

"तेच सांगितलंय तिला. केव्हापासून," नलिनीबाई म्हणाल्या. त्या समोरच बघत होत्या. चाकावरचे त्यांचे तळवे ओले होते.

रेडिओ आपणहून बारीक झाला.

"क्षमा असावी," गाडी अदबीनं म्हणाली. "बाईंना त्या घरी फार लाज वाटते."