खुंटीवरची बंदूक

शुक्रवारी निझवाचा बाजार उठला, नमाज आणि जेवण झालं की आम्ही गावच्या सबल्यात जमतो. सबला ही पुरुषांची बैठक. लांबट खोली, मातीच्या जाड भिंती, खजुराच्या पानांच्या चटया, आणि आत शिरताच वेलची घातलेल्या कहव्याचा वास. त्या आठवड्यात ज्याने जे जुनं विकत घेतलं असेल ते त्याने मधल्या चटईवर मांडायचं, आणि बाकीच्यांनी त्याची खोड काढायची, असा आमचा नाद आहे. कोणी चांदीच्या मुठीचा खंजर आणतो, कोणी बारुदाचं शिंग, कोणी खजुरीवर चढायचा दोर. मागे एकाने फौजेतली दुर्बीण आणली होती. तिच्यातून समोरचा डोंगर दिसायचा तो उलटा.

पण खरा जीव सगळ्यांचा बंदुकांत. बंदूक आणणाऱ्याने आधी दस्त्याजवळची तरफ खाली ओढायची, आत बोट घालून ती रिकामी असल्याचं दाखवायचं आणि मग शेजाऱ्याच्या हातात द्यायची. शेजाऱ्यानेही पुन्हा बोट घालायचं. आत्ताच पाहिली म्हणून सूट नाही. हे सगळे पाळतात.

दुसरा नियम खुंट्यांचा. भिंतीत लाकडी खुंट्या आहेत. बाहेरगावचा माणूस आला की तो आपली बंदूक तिथे अडकवतो आणि तिच्या खाली बसतो. बंदूक खुंटीवर आहे तोवर तो गावाचा पाहुणा. आणि ज्याच्या हातचा कहवा तो पितो, त्याच्यावर त्याच्या जिवाची जबाबदारी. म्हणून बाजारातून आणलेली बंदूक कोणी कधी खुंटीला लावत नाही. तिचा आधीचा धनी कोण, ती आपण कोणाच्या हातातून घेतली, हे कुठे माहीत असतं? बाजारची बंदूक चटईवरच आडवी ठेवायची.

बरगशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने ऐकलं नाही.

बरगश आमच्याच गावचा, पण मस्कतला नोकरीला. शुक्रवारी मोठ्या गाडीतून येतो. त्या दिवशी त्याने एक मार्टिनी बंदूक आणली. जुनी, खालच्या तरफेची, एका वेळी एकच गोळी घेणारी. दस्ता आरशासारखा चमकत होता आणि त्यावर नवीकोरी चांदीची पट्टी.

"ही काय बंदूक आहे की नवरी?" मुहन्ना म्हणाला. मुहन्ना माझ्याच वयाचा, गावातलं सगळ्यात तिखट तोंड.

"जळा तुम्ही," बरगश हसला. "आणली तेव्हा अशी नव्हती. कातडं गुंडाळलेलं, लाकूड काळं, वर कसले तरी डाग. सगळं घासून काढलं. हे बघा, आधीचा फोटो." त्याने फोन फिरवला.

फोन माझ्यापाशी आला. फोटोत दस्त्याच्या मुळाशी तीन जळके ठिपके होते आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. आमच्या घराचा डाग. आमच्या शेळ्यांच्या कानांवर, पाण्याच्या मशकीवर, आईच्या पेटीवर हाच डाग असे. या बंदुकीवर तो तापल्या खिळ्याने मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून उठवला होता. तो खिळा धरत होता, मी दगडाने ठोकत होतो.

माझा भाऊ नबहान. मला मिसरूडही फुटली नव्हती तेव्हा तो ही बंदूक घेऊन हरवलेल्या शेळ्या शोधायला डोंगरात गेला, आणि आला नाही. बंदूक नाही, माणूस नाही, हाड नाही. आई मरेपर्यंत दाराला आतून कडी लावत नव्हती.

"कुठून घेतलीस?" मी विचारलं.

"लिलावातून. कोणी म्हातारा वारला, त्याचं सामान पोरांनी काढलं. पलीकडच्या खोऱ्यातला."

"नाव?"

"दलालाला कोण नाव विचारतो, अबू हिलाल?"

"ती बंदूक माझ्या भावाची आहे."

 बरगशने बंदूक मांडीवर ओढून घेतली, लहान मूल खेळणं ओढतं तशी. "आता माझी आहे. तुम्हाला खूण पटवायची तर पटवा. कुठेय खूण?"

त्यानेच घासून काढली होती, आणि तोच मला विचारत होता. माझ्या डोक्यात राग चढला. तेवढ्यात तो उठला, म्हणाला, "भिंतीवर फोटो छान येईल," आणि त्याने ती खुंटीला लावली.

"उतरव," मुहन्ना म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"अहो, कुठल्या जमान्यातल्या गोष्टी करता!" बरगश फोटो काढत राहिला.

थानी आमचा कहवा वाढणारा. वर्षानुवर्षं उजवीकडून सुरुवात करून एकेकाला देत जातो, मान वर करत नाही, समोर गुडघे दिसले की पेला पुढे करतो. त्या दिवशी तो खुंटीखाली आला. तिथे दोन माणसांच्या मध्ये मोकळी जागा होती. थानीने पेला पुढे केला.

मग त्याने मान वर केली.

लोक हसले. "थानी, डोळे तपासून घे बाबा!" तोही ओशाळून हसला आणि पेला तिथेच चटईवर ठेवून पुढे गेला. परत आला तेव्हा पेला रिकामा होता.

मी तो उचलून पाहिला. तडा नव्हता. चटई कोरडी होती. दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारलं, तर दोघांनी आपापले पेले दाखवले. पेल्याच्या कडेला ओठांचा ओलसर ठसा होता. बाकी काही नाही.

बरगशला मी सांगितलं, ती मला दे. तो म्हणाला, विचार करतो. असल्या माणसाचा विचार मला माहीत आहे. त्याला ती नको होती, पण मला हवी आहे हे कळल्यावर सोडवत नव्हती. बंदूक सबल्यातच राहिली. खुंटीवरून उतरवायला कोणी पुढे झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही झालो नाही. मला ती तिथे हवी होती.

कारण मी ठरवलं होतं, नबहान आलाय.

पुढच्या शुक्रवारी थानीने कहव्याचं भांडं माझ्यासमोर ठेवलं. "त्या जागेला मी वाढणार नाही, अबू हिलाल. हात गार पडतो."

"मी वाढतो," मी म्हणालो.

खुंटीखाली बसलो. जवळ गेल्यावर वास आला: शेळीचे केस, जुनं तेल, उन्हात तापलेल्या माणसाचा घाम. पेला भरला, ठेवला. खजुराची थाळी सरकवली. आणि मग माझं तोंड सुटलं. सगळे ऐकत होते, पण मला कोणाची पर्वा नव्हती.

"इतकी वर्षं कुठे होतास? आई रोज वाटीभर भात झाकून ठेवायची, आणि सकाळी तो मी खायचो, शिळा. तुला लाज नाही वाटली? डोंगर उतरायला इतका वेळ लागतो? आता येतोस आणि कहवा पितोस, सावकारासारखा बसून! बोल ना!"

मी थाळीकडे पाहिलं तेव्हा तीत एक बी होती, चोखून स्वच्छ केलेली. पेला रिकामा. मी पुन्हा भरला. मी रागावलो होतो आणि मला रडू येत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये मी वाढतच होतो.

ऊन खाली उतरलं. दारातून तिरपा उजेड आत आला आणि चटईवरून सरपटत खुंटीखाली पोहोचला.

चटई दबलेली होती. पानांची वीण दोन ठिकाणी खाली गेली होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, सारख्या अंतरावर. मांडी घालून बसलेल्या माणसाचे दोन गुडघे.

नबहानचा उजवा गुडघा वाकत नसे. लहानपणी तो खजुरीवरून पडला होता. तो कुठेही बसला की तो पाय काठीसारखा समोर यायचा आणि लोक अडखळून त्याला शिव्या द्यायचे. त्याला मांडी घालता येत नव्हती.

मी हात मागे घेतला.

"मुहन्ना," मी म्हणालो, "हा नबहान नाही."

मुहन्ना जवळ येऊन चटईवर वाकला. "बंदूक ज्याने शेवटी वाहिली त्याची," तो हळूच म्हणाला. "ज्याने तुझ्या भावाकडून घेतली, त्याची."

माझा हात कमरेच्या खंजरावर गेला. मुहन्नाने मनगट धरलं. म्हातारा आहे, पण पकड लोखंडी.

"तुझ्या हातचा प्यायलाय तो."

"सोड."

"तुझ्या हातचा, अबू हिलाल. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता त्याच्या केसाला धक्का लागला तर तो दोष तुझ्यावर."

माझ्या आईच्या पोराला मारून त्याची बंदूक वापरणारा, बिछान्यात म्हातारा होऊन मेलेला, आणि मी त्याला खजूर सरकवले होते. चांगले, बिनकिडके निवडून.

बरगश दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "घेऊन जा ती," तो म्हणाला. "मला नको. फुकट घ्या. फक्त घेऊन जा."

"हा घेऊन जाऊ शकत नाही," मुहन्ना म्हणाला. "पाहुण्याची आहे. पाहुण्याला शिवेपर्यंत पोहोचवायचं, त्याचं हत्यार त्याच्या हातात द्यायचं, आणि तो दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं. तेव्हाच अबू हिलाल या जबाबदारीतून सुटेल."

"मी नाही करणार," मी म्हणालो.

"मग वाढत राहा."

मी बंदूक खुंटीवरून काढली. तरफ ओढली, आत बोट घातलं. रिकामी होती. मुहन्नाकडे दिली, त्यानेही बोट घातलं. रिकामी.

गावाची शीव वादीच्या, म्हणजे पावसातच वाहणाऱ्या ओढ्याच्या, कोरड्या पात्राशी संपते. मी पुढे चाललो. मागे वळून पाहिलं नाही. माझ्या चपलांचा आवाज येत होता, आणि त्याच्या अर्ध्या पावलामागून आणखी एक आवाज.

पात्राशी थांबलो. बंदूक दोन्ही तळव्यांवर आडवी धरली. मनात जेवढ्या शिव्या होत्या तेवढ्या दिल्या, तोंडाने मात्र रिवाजाचं वाक्य म्हटलं, "अल्लाच्या हवाली."

तळवे हलके झाले.

पात्रातला एक दगड हलला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. सावकाश, ज्याला कशाची घाई नाही अशा माणसाच्या चालीने, वळणाकडे. मी उभा राहिलो. रिवाज होता.

वळणापलीकडे दगडांचा आवाज थांबला. बराच वेळ काही नाही.

मग तरफ ओढल्याचा आवाज आला. ती पुन्हा वर बसल्याचा.

मग गोळी सुटली.

डोंगराने ती तीनदा परत फेकली. मी धावलो. या वयात, त्या दगडांवर, ओरडत धावलो. काय ओरडत होतो ते गावाच्या कडेला थांबलेल्या मुहन्नाने नंतर सांगितलं. भावाचं नाव.

वळणापाशी कोणी नव्हतं. बंदूक नव्हती. कड्याच्या पोटात एक कपार आहे. शेळ्यांमागे असताना मी तिच्या सावलीत किती वेळा भाकरी खाल्ली असेल. तिच्या तोंडाशी दगडांचा ढीग असतो, मला वाटायचं कड्यावरून पडलेला. त्या ढिगावर एक काडतूस पडलं होतं. रिकामं, पितळेचं, अजून गरम.

दुसऱ्या दिवशी माणसं आणून दगड काढले. हाडांत उजवा गुडघा सरळच जुळलेला होता. आम्ही त्याला आईशेजारी पुरलं. बरगशने माती लोटायला हात पुढे केला, मी तो झटकला. लोक म्हणाले, आता तरी राग सोड, भाऊ मिळाला. मिळाला खरा. पण त्या संध्याकाळी मारेकऱ्याच्या हातात बंदूक कोणी दिली? मी माझ्या दोन्ही तळव्यांवर नेऊन दिली, आणि उभा राहून पाहत राहिलो.

काडतूस मी घरी आणलं. न्हाणीशेजारच्या कोनाड्यात ठेवलंय. त्या भिंतीला कधी ऊन लागत नाही. बायको हल्ली ओले कपडे तिथेच टांगते. म्हणते, या भिंतीला कुठून ऊब येते कोण जाणे, पण कपडे लवकर वाळतात.