पुसलेली पट्टी आणि तेवीस पुस्तकं

"आलात एकदाचे! बसा, इथे बसा," असं म्हणत तरुण ग्रंथपाल मुलीने आत आलेल्या माणसाला जवळजवळ खुर्चीत ढकललंच. सकाळपासून ती ज्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याची वाट बघत होती तो हाच, असं तिने धरूनच टाकलं. खरं तर तो बाइंडर होता. फाटकी पुस्तकं न्यायला या वाचनालयात पहिल्यांदाच आलेला. तसं सांगायला त्याने तोंड उघडलंही... पण तिचे डोळे भरून आलेले दिसले, आणि तो मुकाट्याने बसला.

"काय झालंय?"

"माझी अक्कल चरायला गेली होती, ते झालंय! म्हाताऱ्या माणसांना चिन्हं दिसत नाहीत, म्हणून पडद्यावरची खालची पट्टी जरा मोठी करायला गेले. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी घाईत 'हो' म्हटलं – आणि पट्टीच गायब! मेनू नाही, घड्याळ नाही..."

पडद्यावर नुसता निळा रंग होता आणि कोपऱ्यात एकच फोल्डर.

बारा वाजता वाचनालयाचे चिटणीस येणार होते. सहा जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं त्यांच्या मनात होतं. तिने हट्टाने त्यांवर लिनक्स ही जुन्या मशीनवरही चालणारी मोफत प्रणाली चढवली होती आणि महिन्याची मुदत मागून घेतली होती. त्या महिन्यात वाचनालयात येणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई त्यांवर नातीला रोज पत्र लिहायला शिकल्या होत्या. आज मुदत संपत होती.

"तुम्हाला जमेल ना?" तिने विचारलं.

"जमेल... म्हणजे, सजवायच्या नादात मी घरचा असाच कॉम्प्युटर तीनदा मोडलाय." तो ओशाळं हसला. "पण मी दुरुस्तीवाला नाही हो. बाइंडर आहे."

ती कपाळावर हात मारून खुदकन हसली. "मग उठला का नाहीत?"

"तुम्ही 'बसा' म्हणालात."

आता मात्र तो उठला आणि त्याने तिलाच खुर्चीत बसवलं. "घाबरू नका. आतली पानं शाबूत आहेत, फक्त पुठ्ठा सुटलाय. मी सांगतो, तुम्ही करा. तो फोल्डर उघडा. आता कंट्रोल धरून एच दाबा."

टिंबाने सुरू होणाऱ्या नावांचे कितीतरी फिकट फोल्डर एकदम वर आले.

"हे कुठे होते?"

"लपलेले असतात. तुमच्या सगळ्या आवडीनिवडी यांत लिहिलेल्या आहेत."

"सगळ्या?" तिने मान वळवून विचारलं.

"कॉम्प्युटरपुरत्या..." त्याचे कान लाल झाले. "हा – हा बघा पट्टीचा."

"पुसू?"

"छे, छे! पुसायचं नाही. नाव बदलून बाजूला ठेवायचं. नवा पुठ्ठा वाळेपर्यंत मी जुना कधी फेकत नाही. आता बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. जुनी मांडणी सापडली नाही की कॉम्प्युटर आपला आपण नवी करतो."

एकेक पायरी दोनदा विचारत पाऊण तास गेला, आणि अखेर पडदा काळा झाला. मग निळा झाला... आणि खाली, जणू काही झालंच नाही अशी, पट्टी!

"आली!" ती इतक्या जोरात ओरडली की वाचनकक्षातली चार वर्तमानपत्रं एकदम खाली झाली.

बारा वाजता चिटणीस आले. सहाही पडदे त्यांनी निरखून पाहिले. "ठीक दिसतंय. पण उद्या कुणी भलतंच काही दाबलं तर? दर वेळी माणूस बोलवायचा?"

ग्रंथपालाने कपाटाकडे पाहिलं. बाइंडर तिथे पुस्तकांचा गठ्ठा बांधत होता. ती खुर्चीत बसली आणि तिने स्वतःच्या हाताने पट्टी काढून टाकली.

बाइंडरच्या हातातली सुतळी सुटली.

"अहो, हे काय केलंत!" चिटणीस म्हणाले.

"मोडलं. आता बघा."

फोल्डर. कंट्रोल, एच. 'जुनं' हे नाव सकाळीच वापरलं होतं, म्हणून तिने 'जुनं दोन' लिहिलं. मग बटण दाबून बंद, पुन्हा चालू; एकदाही बोट चुकलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली आणि पट्टी परत आली.

"मलाही शिकव गं हे," शेजारच्या कॉम्प्युटरपाशी बसलेल्या नर्सबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

चिटणीसांनी चष्मा पुसला. "राहू द्या सहाही. आणि ती पट्टी खरंच मोठी करा. मलाही दिसत नाही."

ते गेल्यावर ती कपाटापाशी आली.

"जीव काढलात माझा," तो म्हणाला.

"भीती मलाही वाटली. पण तुम्ही होतात ना इथे."

त्याने सुतळीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "एक सांगू? हे... मला दहा मिनिटांत जमलं असतं. तुम्हाला शिकवायच्या निमित्ताने मी पाऊण तास थांबलो."

"कळलं होतं मला. म्हणून तर एकेक गोष्ट दोनदा विचारत होते."

तिने गठ्ठ्यातल्या पुस्तकांवरून बोट फिरवलं.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"तेवीस. महिनाभरात सगळी एकदम आणून देईन."

"महिनाभरात?"

तो गडबडला. "नाही, म्हणजे... रोज एक आणलं तर चालेल?"

"चालेल. आणि चोविसाव्या दिवशी?"

"चोविसाव्या दिवशी..." त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. "हात हलवत येईन."

"या," ती म्हणाली. "तसेच या."