भाव पडला त्या दिवशी

"अहो! अहो, तो चहा उचला आधी!"

गंधाली इतक्या जोरात ओरडली, की आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. समोरचा तरुण दचकला. त्याने कटिंगचा ग्लास चटकन उचलला खरा, पण त्या गडबडीत अर्धा चहा स्वतःच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला.

"सॉरी... मला वाटलं टेबल आहे."

"टेबलच आहे. पण त्यावर जे मांडलंय ना, ते तुमच्या शर्टापेक्षा महाग आहे."

तो हसला. ग्लासवाला हात पाठीमागे लपवून खाली वाकला आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांत ओळीने लावलेली कार्डं बघत राहिला. कपाळावर केस आले, ते त्याने फुंकर मारून मागे सारले. गंधालीला ते उगाचच आवडलं.

घाटकोपर पूर्वेच्या त्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी हा बाजार भरायचा. क्रिकेटची कार्डं! लहानपणी च्युइंगगमबरोबर फुकट मिळायची, तसली नव्हेत. जाड, चकचकीत, मोजकीच छापलेली. लोक ती विकत घ्यायचे, बदलायचे, जिवापाड जपायचे. आणि गंधालीसारखे काही जण निव्वळ भावावर डोळा ठेवून असायचे. नवा खेळाडू हेरायचा, त्याची कार्डं स्वस्तात उचलायची, तो चमकला की विकायची. सोमवार ते शुक्रवार ती एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासायची. रविवारी स्वतःचं नशीब तपासायची. मुलुंडमध्ये कार्डांचं छोटंसं दुकान काढायचं, हे तिचं स्वप्न. गाळासुद्धा बघून ठेवला होता.

"विशाल तांडेलचं कार्ड आहे का हो?" त्याने विचारलं.

"आहे. पण विकायचं नाही."

"मग मांडलंय कशाला?"

"लोकांच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून."

विशाल तांडेल म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला पोरगा. चेंडू असा टाकायचा, की फलंदाजाला बॅट हलवायला वेळ मिळू नये. त्याची पहिल्या वर्षाची कार्डं गंधालीने तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता तेव्हापासून गोळा केली होती. आता परदेश दौऱ्याच्या संघात त्याचं नाव येणार, अशी हवा होती. एकदा नाव आलं, की भाव आभाळाला!

"तव्यावर टाकलेली पोळी फुगायच्या आत कुणी उतरवतं का?" ती म्हणाली. "संघ जाहीर होऊ दे. मग या."

"तेव्हा मला परवडणार नाही. आणि... मला विकायचं नाहीये. एकच हवंय. माझ्या एका पेशंटच्या आईला द्यायचंय."

"डॉक्टर आहात?"

"फिजिओथेरपिस्ट. अंधेरीला क्लिनिक आहे. शौनक."

त्याच्या आवाजात काहीतरी साधं, सरळ होतं. गंधालीने स्वतःचाच नियम मोडला. एक कार्ड काढलं, पाकिटात घातलं आणि जेवढ्याला घेतलं होतं तेवढ्यालाच दिलं.

"यात तुमचा काय फायदा?" त्याने विचारलं.

"काही नाही. शर्टाच्या डागाची नुकसानभरपाई समजा."

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला. या वेळी चहा दोन होते, आणि दोन्ही त्याने टेबलापासून हातभर लांब धरले होते.

"आज कुणाचं कार्ड हवंय?"

"कुणाचंच नाही. विक्रेतीचा नंबर मिळेल का, बघायला आलोय."

"तो दुर्मीळ आहे हं..." ती म्हणाली. पण गाल इतके तापले होते, की तिने उगाच वाकून पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

मग भेटी वाढल्या. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. कधी ती मुलुंडहून बस पकडून अंधेरीला जायची, कधी तो घाटकोपरला स्टेशनच्या जिन्याखाली उभा असायचा, मान उंच करून प्रत्येक उतरणाऱ्या मुलीकडे बघत. ती दिसली, की ती मान एकदम स्थिर व्हायची. एका संध्याकाळी ते वर्सोव्याच्या जेट्टीवर जाऊन बसले. काठ्यांवर बोंबील वाळत होते, मढची फेरीबोट माणसं भरून डुलत निघाली होती. तिने नाक दाबलं, आणि त्याने हसत हसत तिचा तो हात अलगद खाली घेतला. सोडला मात्र नाही. बोंबलांचा वास कुठल्या कुठे गेला!

"तुला कसं कळतं गं, कोण वर जाणार ते?" त्याने विचारलं.

"बघत राहायचं. सगळे धावा बघतात, मी माणूस बघते. मार पडल्यावर पुढचा चेंडू कसा टाकतो, ते बघते."

"मला बघितलंस तर काय अंदाज?"

"अजून बघतेय," ती म्हणाली. "घाई नाही मला."

जानेवारीत संघ जाहीर होण्याच्या बातम्या जोर धरू लागल्या. त्या शनिवारी जुहूला पाणीपुरी खाताना तिने मोठ्या उत्साहात सांगून टाकलं, "शौनक, मी एफडी मोडली! विशालची आणखी कार्डं उचलली. अख्ख्या मुंबईत माझ्याएवढी कुणाकडे नसतील. आता आपलं दुकान पक्कं, यार!"

'आपलं' हा शब्द तिच्या तोंडून सहज निघाला होता. एरवी त्याने तो अलगद झेलला असता. पण शौनकच्या हातातली पुरी तशीच राहिली. पाणी मनगटावरून ओघळलं.

"काय झालं?"

"काही नाही... तिखट आहे."

"तू तर गोड मागितलीस!"

त्याने मनगट पुसलं. मग म्हणाला, "सगळं एकाच माणसावर लावू नये गं."

"हे मला तू शिकवणार? रूकी म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, हेसुद्धा तुला मी सांगितलं!" ती फुरंगटली. त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि समुद्राकडे बघत मिटून घेतलं. सबंध रस्ताभर तो गप्प होता. गंधालीला वाटलं, याला आपण आवडेनासे झालो की काय...

तो अबोला तिला सहन होईना. दोन दिवसांनी ऑफिसातून लवकर निघून ती न सांगताच अंधेरीला गेली. हातात त्याच्या आवडीच्या नारळाच्या वड्या होत्या. क्लिनिकचा जिना चढणार, तेवढ्यात वरून कुणीतरी उतरताना दिसलं. उंच, शिडशिडीत, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला तरुण. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने कंबर धरून, तिरका होऊन, एकेक पायरी... आणि त्याला सावरत मागून शौनक.

टोपी असली म्हणून काय झालं? तो चेहरा गंधालीच्या कपाटात गठ्ठ्याने पडला होता.

विशाल तांडेल रिक्षात बसला. वेदनेने त्याने डोळे मिटून घेतले. रिक्षा गेली. जिन्याखाली दोघंच उरली.

"गंधाली..." शौनकचा चेहरा उतरला होता. "मी तुला काहीही सांगू शकत नाही. तो माझा पेशंट आहे."

"मी काही विचारलं का?"

तिने वड्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि निघाली. त्याचं गप्प बसणं, जुहूचा तो चेहरा, सगळं एका क्षणात उलगडलं होतं. हा आवडेनासा झाला नव्हता. आतल्या आत जळत होता. पण त्याचबरोबर हेही उलगडलं होतं, की तिच्या कपाटात आता कार्डं नव्हती. रद्दी होती. फक्त जगाला अजून ते माहीत नव्हतं.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या श्यामसुंदरकाकांचा फोन आला. काका बँकेतून निवृत्त झालेले, कार्डांचे जुने वेडे. "गंधाली, विशालची सगळी मला दे गं. बाजारापेक्षा चार पैसे जास्तच देतो. पोरगा आपला आहे, मुंबईचा!"

रात्रभर... नाही, खरं सांगायचं तर तिने फारसा विचारही केला नाही. कार्डं डब्यात भरली आणि सकाळी बोरिवली गाठली. एफडीचे पैसे परत येतील, गाळ्याचं आगाऊ भाडं सुटेल. आणि यात चूक काय? शौनकने तिला अक्षरही सांगितलं नव्हतं. रस्त्यावर उभं राहून डोळ्यांनी दिसलेलं कुणाच्या मालकीचं असतं?

काकांनी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करवून ठेवली होती. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पुसले, नव्या कोऱ्या वहीसारखं एकेक कार्ड कडांना धरून उचललं, उजेडात नेलं. "काय रूप आहे बघ," ते म्हणाले. "याची आई मासे विकते, माहितीये तुला? अजूनही. बाजारात बसते."

पेशंटची आई! गंधालीने चमचा खाली ठेवला. शौनकने घाटकोपरला घेतलेलं ते पहिलं कार्ड कुठे गेलं, ते तिला आत्ता कळलं. तिला शौनकचं तोंड दिसलं. उघडलेलं आणि मिटलेलं. एका शब्दाने तो तिला वाचवू शकला असता, आणि तो शब्द त्याने गिळला होता. तो एवढं गिळून बसला असताना आपण त्याच्या दारात दिसलेलं या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचं?

"काका, मी नाही विकत."

"अगं, आणखी वाढवून देतो!"

"नको काका."

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे आणखी वर जाणार! तुला काहीतरी कळलंय, लबाडे. मग मी दुसरीकडून तरी उचलतो."

आली का पंचाईत! गंधालीने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही कार्ड आवडीने ठेवता ना? मग आवडीला एक पुरतं. गठ्ठा माझ्यासारख्या सट्टेबाजांना लागतो." तिने वरचं एक कार्ड काढून त्यांच्या समोर ठेवलं. "हे घ्या. भेट."

"भेट? तू धंदा कधी शिकणार गं पोरी!" काका करवादले, पण कार्ड त्यांनी लगेच स्वतःच्या वहीत सरकवलं. पुन्हा गठ्ठ्याची गोष्ट मात्र काढली नाही.

आठवडा सरायच्या आत बातमी आली. विशाल तांडेलच्या मणक्याला बारीक तडा. दौरा नाही, सध्या क्रिकेटच नाही. कार्डवाल्यांच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. भाव धाडकन कोसळला. गंधालीने फोन उलटा ठेवला, गाळ्याच्या मालकाला 'यंदा जमत नाही' असं कळवलं, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडी रडली, आणि बाहेर येऊन आईला भाजी आणायला जाते म्हणाली.

परत आली, तर बिल्डिंगच्या फाटकाशी शौनक उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"विकलीस ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"नाही."

"नाही म्हणजे? एकही नाही?"

"एक भेट दिलं."

तो मटकन कट्ट्यावर बसला. "अगं, पण तू पाहिलं होतंस. तुला कळलं होतं."

"कळलं होतं. विकायला गेलेही होते रे, बोरिवलीला. खिचडी खाऊन परत आले." ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मध्ये मेथीची जुडी. "वाटलं, तू ज्यासाठी तोंड मिटून बसलायस, ते मी बाजारात मांडलं, तर पुन्हा तुझ्याकडे बघणार कशी?"

शौनकने जुडीतलं मेथीचं एक पान खुडलं. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? मी रोज मनात म्हणत होतो, की हिने न विचारता ओळखावं, सगळं विकावं आणि सुटावं. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची."

"आणि विकली असती, तर? आवडले असते तुला?"

त्याने खरोखर विचार केला. तेच तिला आवडलं. "आवडली असतीसच," तो म्हणाला. "पण मग आज जे बोलायला आलोय, ते बोललो नसतो."

"काय बोलायला आलायस?"

"कळतंय तुला."

"नाही कळत. सांग."

"गंधाली, तू ना..." तो अडखळला. हसला. मेथीची जुडी उचलून पलीकडे ठेवली. "मला तू हवी आहेस. रोज. दुकान निघो न निघो, भाव चढो न चढो. मला तुझ्याशी लग्न करायचंय."

समोरून एक रिक्षा खडखडत गेली. गंधालीला ती ऐकूच आली नाही. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, भर दुपारी, मुलुंडमध्ये, सगळ्या खिडक्यांच्या साक्षीने.

"हो," ती म्हणाली. "माझं तर तुला केव्हाचंच बघून झालंय."

"आणि ती कार्डं? काय करणार त्यांचं?"

"ठेवणार. मार पडल्यावर तो पुढचा चेंडू कसा टाकतो, ते बघायचंय मला. उठेल तो."

"हा भरवसा झाला की सट्टा?"

"सट्टाच रे. मी काही संत नाही."

तो खदखदून हसला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आईचा आवाज आला, "गंधाली! कोण आहे गं ते? मेथी आणलीस का?"

"आणली! येते वर!" ती उठली, हात पुढे केला. "चल."

"आत्ता? असा? दाढी बघ माझी... आणि काय म्हणून सांगणार आईंना?"

"चल तर."

तीन मजले तो शर्ट नीट करत, केस सारखे करत चढला. दार उघडंच होतं. आई पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी होती. तिने आधी मेथीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग खाली, दोघांच्या हातांकडे.

शौनकने घाईघाईने हात सोडवायला पाहिलं. गंधालीने तो आणखी घट्ट धरला.

"आई," ती म्हणाली, "हा शौनक. जेवायला थांबतोय."