कुलपाआडचे दोन ट्रेलर

मागे दार सरकलं, कुलूप खटकन लागलं आणि भावजी गर्रकन वळले. बंद जागेचं त्यांना पहिल्यापासून वावडं. चार मजले चढतील, पण लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाहीत.

"वहिनी, अहो, त्यांनी आपल्यालाही कोंडलं!"

"कोंडू दे. आपल्याला कुठे पळून जायचंय?" वहिनी म्हणाल्या. खाजगी तपासाच्या धंद्यात त्या मुरलेल्या होत्या. दिराला सोबत आणायच्या ते पिशवी धरायला, असं घरात सगळे म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

आतून कुलूप लावून किल्ली खिशात टाकणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणत. फौजेत तो कधीच नव्हता, पण फौजेची जुनी वाहनं जमवायचं वेड होतं, आणि मिशाही तशाच होत्या.

शेड पत्र्याची, दार एकच. खिडक्या पार वर, मांजर जाईल एवढ्या. दुपारच्या उन्हात थिनरचा वास डोक्यात भिनत होता. मधोमध नव्या हिरव्या रंगाचा दोनचाकी ट्रेलर उभा होता. कोपऱ्यात दुसरा, गंजका, भंगार पाइपांनी भरलेला. आणि स्टुलावर शेडचे मालक मामा, ऑपरेशननंतरची पट्टी डोळ्यांवर बांधलेले. असे ट्रेलर पारखून, दिवसभर कर्कश ग्राइंडरने गंज घासून पूर्ववत करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वहिनींना बोलावलं होतं मामांच्या मुलीने.

"हा माझा ट्रेलर नाही!" कॅप्टनने हिरव्यावर थाप मारली. "माझा युद्धातला, अस्सल. नदीत तरंगावा म्हणून हौदासारखा बांधलेला, आणि आत आलेलं पाणी सोडायला तळाला दोन भोकं. याचा तळ बघा, एक भोक नाही! नंबराची पितळी पट्टी तेवढी माझी, बाकी नक्कल. खरा या म्हाताऱ्याने विकून खाल्ला. तो कुठाय ते कळेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी पोलीस येतायत."

"जन्मभर नकलीला नकली म्हणूनच विकलं हो मी," मामा म्हणाले. "आता या वयात बेड्या घालून नेणार?"

"डॉक्टरांनी त्यांना वाकायलाही मनाई केलीय," मुलगी म्हणाली. "मी दवाखान्यात त्यांच्याजवळच होते. शेडची किल्ली घरी खिळ्याला. माझा नवरा आणि आमचा आतेभाऊ, दोघं काम करत होते."

नवरा, म्हणजे मामांचा जावई, वेल्डर होता. तो घुश्शातच बोलला. "माझं काम त्या गंजक्यावर होतं. तळ सडला होता, अख्खा नवा पत्रा मारला. मग रंगाचं काम निघालं, मी सुट्टी घेतली. पाणी भरून बघा, थेंब गळला तर नाव बदलेन."

भावजींचा जीव घुसमटला होता. त्यांनी प्यायच्या पाण्याचा जग उचलला, गंजक्या ट्रेलरच्या काठावर ठेवला, आणि व्हायचं तेच झालं. जग पाइपांवर आडवा झाला, सगळं पाणी आत. सावरायला गेले ते चाकावर रेलले आणि बाहीला काळं ग्रीस फासून घेतलं.

"नवाकोरा शर्ट!" ते कळवळले.

वहिनींनी बाही बघितली, मग ट्रेलरखाली डोकावल्या. खाली फरशीवर ओल पसरत होती.

आतेभाऊ, म्हणजे मामांचा भाचा, पेंटर होता. मामांनीच वाढवलेला. "हिरवा मी रंगवला," तो म्हणाला. "समोर होता तो रंगवला. अस्सल-नकलीचा फरक मामांना कळतो, मला नाही."

"आणि गंजका?" वहिनींनी विचारलं.

"त्याला बोटही लावलेलं नाही. मामांनी हौसेने घेतलेली नक्कल ती. कुंड्या वाहायला गिऱ्हाईक मिळालंय, मीच शोधलं. दार उघडलं की मीच पोचवून येणार."

"कॅप्टन," वहिनी वळून म्हणाल्या, "तुम्ही आज यायचं ठरलं होतं?"

"परवा यायचं होतं. राहवलं नाही."

"छान. भावजी, थिनर आणि फडकं द्या."

त्यांनी गंजक्याच्या पुढच्या दांड्यावर फडकं घासलं. तांबडा रंग फडक्यावर उतरला आणि खालून हिरवा हसला. आणखी घासल्यावर लोखंडात ठोकलेला नंबर दिसला. कॅप्टनने वाकून तो वाचला.

"माझाच!"

"शेडबाहेर काही गेलंच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "गंजक्याला अस्सलचा रंग आणि पट्टी दिली, अस्सलवर गंजाचा रंग मारून वर भंगार टाकलं. भंगार म्हणून तो राजरोस दारातून गेला असता. तुम्ही कुलूप घातलंत आणि चोरी आतच अडकली."

"पण तुम्हाला कळलं कसं?" भावजींनी विचारलं.

"तुमच्या धांदरटपणामुळे. जावयाने मारलेल्या नव्या तळातून पाणी गळायला नको होतं. गळलं, म्हणजे तो तळच वेगळा, भोकांचा. मग तुमची बाही. वर्षानुवर्षं पडलेल्या ट्रेलरच्या चाकाला ताजं ग्रीस कुठून? चाकात ग्रीस भरायचं बारीक तोंड नीट बघा. भोवती रंगाची कड सुरीने कापल्यासारखी, आत एक शिंतोडा नाही. रंग मारण्याआधी त्यावर चिकटपट्टी लावलेली. ते तोंड रंगाने बुजलं तर ग्रीस आत जात नाही, म्हणून पेंटर ते आधी झाकतो. वेल्डरला एवढी पर्वा नसते. भाचा लपवायलाच रंग मारत होता, तरी हाताची सवय सुटली नाही. हिरव्याच्या तळाला भोकं पाडायची राहिली होती, ती उद्या पाडली असती. कॅप्टन परवा यायचे होते ना."

भाच्याने मान खाली घातली. कॅप्टनने मामांचे पाय धरले आणि तो दार उघडायला गेला.

मामा चाचपडत उठले. भाच्याचा खांदा हाताला लागला, तो त्यांनी सोडला नाही.

"कशापायी केलंस रे?"

"इथून निघायचं होतं, मामा. लहानपणापासून याच पत्र्याखाली आहे. हातात चार पैसे आले असते तर कुठेतरी स्वतःचं काही केलं असतं."

"मग मला सांगायचंस ना! मी काय बांधून ठेवलं होतं तुला?"

"सांगितलं होतं," भाचा म्हणाला. "दरवेळी सांगितलं. तुम्ही ग्राइंडर कधी बंदच केला नाहीत."